आमच्या वसाहतीचा पुनर्विकास ठरलाय. रहिवाशांचं म्हणणं आराखड्यात उतरवायचं कसं?

तिसरा_मजला

आमची वसाहत सार्वजनिक मालकीची, आम्ही सगळे भाडेकरू. जिन्यांचं सिमेंट सुटलंय, पाण्याच्या वाहिन्या कुजल्यात, हे आम्हीच वर्षानुवर्षं लिहून देत आलो. आता गृहनिर्माण विभागाने अख्ख्या वसाहतीचा पुनर्विकास हाती घेतलाय. पत्रात 'रहिवाशांच्या सहभागातून आराखडा' असे शब्द आहेत. पहिली बैठक सहा आठवड्यांवर आली आहे.

मी रहिवासी समितीत आहे. आम्ही सात जण, त्यात नकाशा वाचता येणारा एकही नाही. पत्र आलं त्या दिवशी तळमजल्यावरच्या एक आजी जिन्यात थांबून म्हणाल्या, "मला इथेच परत घर मिळेल ना रे?" मी पटकन हो म्हणालो. रात्री पत्र पुन्हा वाचलं. वाक्य असं आहे: 'शक्यतो सर्व पात्र रहिवाशांना वसाहतीत पुन्हा घर देण्यात येईल.'

'शक्यतो' आणि 'पात्र'. या दोन शब्दांनी माझी झोप उडवली आहे. मी त्या आजींना दिलेला शब्द खोटा ठरू नये, म्हणून हा धागा. ज्यांनी अशा कामात भाग घेतला आहे, वाचलं आहे, भोगलं आहे, त्यांनी कृपया लिहा.

पागोळी

मी नगररचनेत काम करते. तुम्ही दोन शब्दांवर बोट ठेवलंत ते अगदी बरोबर. बाकीचा सगळा आराखडा पुढे दहा वेळा बदलतो. ते वाक्य मात्र पहिल्या बैठकीतच पक्कं व्हायला हवं, कारण परतीची खात्री नसेल तर माणसं बागेच्या जागेबद्दल मन मोकळं करून बोलतच नाहीत. ज्या बागेत आपण असू की नाही हेच ठाऊक नाही, तिच्याबद्दल काय बोलणार?

पहिल्या बैठकीला जाण्याआधी विभागाला लेखी विचारा: काय आधीच ठरलं आहे, काय अजून मोकळं आहे, आणि मोकळ्या गोष्टींवर शेवटचा निर्णय कोण घेणार? या उत्तरावरून तुम्ही कुठे उभे आहात ते कळतं. शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली एका लेखात सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. त्यांनी अमेरिकेतल्या सरकारी योजना आतून पाहिल्या होत्या. अगदी खाली रहिवाशांना गुंडाळणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं आणि समजूत काढणं, वर भागीदारी, आणि सर्वात वर प्रत्यक्ष ताबा. त्यांचा मुद्दा असा की मत विचारलं आणि अधिकार दिला नाही, तर शिडीच्या मधल्या पायरीवरच माणूस अडकतो. बैठका भरपूर होतात, हजेरीपट भरतात, आणि नकाशा होता तसाच राहतो.

तुमच्या पत्रातला 'सहभाग' कोणत्या पायरीवरचा आहे, ते आधी काढून घ्या.

कोनशिला

मी बरीच वर्षं घरवाटपाच्या कार्यालयात होतो, आता निवृत्त आहे. टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो, राग मानू नये.

'शक्यतो' हा शब्द नेहमी फसवण्यासाठीच येतो असं नाही. पत्र लिहिणाऱ्याच्या हातात पैसा नसतो. बांधकामाचे टप्पे किती, निधी कधी येणार, पूर्ण उंची मंजूर होणार का, यातलं काहीच त्या दिवशी त्याला माहीत नसतं, म्हणून तो वाक्यात मोकळीक ठेवतो. अडचण अशी की पाच वर्षांनी ती फाईल दुसऱ्याच्या टेबलावर असते आणि त्या माणसाला फक्त 'शक्यतो' दिसतं, आधीच्याचा हेतू दिसत नाही.

'पात्र'चं मात्र मला जास्त भय वाटतं. अमेरिकेतला दाखला बघा. १९९२ साली तिथल्या राष्ट्रीय आयोगाने सांगितलं की सुमारे ८६ हजार सार्वजनिक घरं, म्हणजे एकूण घरांपैकी साधारण सहा टक्के, फारच वाईट अवस्थेत आहेत. त्यातून 'होप सिक्स' ही योजना आली. आधी नियम होता की एक घर पाडलं तर त्याच्या बदल्यात एक घर बांधायचं. १९९५ साली तो स्थगित झाला आणि १९९८ साली रद्दच झाला. नव्या वसाहती देखण्या झाल्या, मिश्र उत्पन्नाच्या झाल्या. पण अनेक ठिकाणी परत येण्याच्या अटी नव्याने घातल्या गेल्या: नोकरी हवी, उधारीचा इतिहास स्वच्छ हवा. जे काल भाडेकरू म्हणून चालत होते, ते आज अपात्र ठरले. २०१० साली आलेल्या 'चॉइस नेबरहूड्स' योजनेत घरामागे घर हा नियम परत आणावा लागला आणि भाडेकराराचं पालन करणाऱ्या जुन्या रहिवाशांना परतीचा हक्क दिला गेला.

म्हणून सांगतो, पात्रतेची व्याख्या आजच लिहून घ्या, आणि ती जुन्या भाडेकरारापेक्षा एका अक्षरानेही कडक नको.

वळचण

कोनशिला, राग नाही. पण पलीकडच्या बाजूने तुम्ही लिहिलंत, तशी अलीकडचीही एक आठवण लिहिते.

मी दहा वर्षांची असताना आमची इमारत पाडली. दोन वर्षांत परत, असं सांगितलं होतं. आम्हाला तात्पुरतं घर मिळालं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. माझी शाळा सुटली, आईचं काम सुटलं, कारण पहाटेची गाडी तिथून मिळेना. दोनाची चार वर्षं झाली, मग सहा. नवीन इमारत उभी राहिली तेव्हा वडिलांना एक पत्र आलं, जुन्याच्या जुन्या पत्त्यावर. ते आमच्यापर्यंत पोहोचलं तोवर उत्तर द्यायची मुदत संपली होती. आम्ही परत गेलो नाही.

कुणी आमच्याशी दुष्टपणा केला असं मला आजही वाटत नाही. आमचा पत्ता कुणाच्या वहीत नव्हता, एवढंच. तुमच्या समितीने एक वही करावी. प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, तात्पुरता पत्ता, दोन फोन नंबर, एका नातेवाइकाचा नंबर. दर सहा महिन्यांनी फोन करून ती ताजी करायची. विभागाची यादी असली तरी तुमची स्वतःची हवी.

तिसरा_मजला

वळचण, तुम्ही लिहिलेलं समितीत वाचून दाखवलं. दोघी जणींनी त्याच दिवशी वही आणली. काल चाळीस घरं झाली.

मोजपट्टी

थोडा वेगळा प्रश्न. पाडायचंच, हे कुणी ठरवलं?

मी बांधकाम अभियंता आहे. पुनर्विकास म्हटलं की पाडकाम हे गृहीत धरलं जातं, आणि रहिवाशांना विचारलं जातं ते फक्त नव्या इमारतीचा रंग कोणता हवा. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्रां पार्क या वसाहतीत १९६०च्या दशकातल्या तीन इमारती होत्या, एकूण ५३० घरं. लाकातों आणि वासाल या वास्तुविशारदांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. बाहेरच्या बाजूने नवा सांगाडा उभा करून प्रत्येक घराला सुमारे पावणेचार मीटर खोलीची काचबंद गच्ची जोडली, वाहिन्या आणि लिफ्ट बदलल्या. सगळ्यात महत्त्वाचं, काम चालू असताना माणसं आपापल्या घरातच राहिली. कुणाला तात्पुरत्या घरात जावं लागलं नाही, म्हणून कुणाचा पत्ता हरवला नाही. या कामाला २०१९ साली युरोपातला मीस व्हान डर रोहे हा वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ साली त्या दोघांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला जागतिक पुरस्कार.

सगळ्या इमारती अशा वाचवता येत नाहीत. सळई गंजून फुगली असेल, पाया खचला असेल, तर पाडणंच योग्य. पण ते संरचनात्मक तपासणीच्या अहवालावरून ठरावं. तो अहवाल मागा, इमारतनिहाय मागा, आणि एखाद्या स्वतंत्र अभियंत्याकडून वाचून घ्या. 'वसाहत धोकादायक' असं एकगठ्ठा वाक्य मान्य करू नका. अनेकदा काही इमारती खरोखर वाईट असतात आणि बाकीच्या दुरुस्तीने उभ्या राहू शकतात.

कोनशिला

मोजपट्टी, तुमच्याशी सहमत, पण एक पुरवणी. इमारत चांगली बांधून किंवा दुरुस्त करून भागत नाही, तिची देखभाल कोणाच्या पैशाने होणार हे आराखड्यातच हवं.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रूइट-आयगो या सार्वजनिक वसाहतीचं नाव या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, २८७० घरं. १९५४ साली लोक राहायला आले आणि १९७२ साली पहिली इमारत सुरुंगाने पाडली. सगळा दोष वास्तुरचनेवर टाकला गेला, आणि रचनेत दोष होतेच. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबतच नसे, पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या मजल्यावर थांबायची, मग जिन्याने चढा-उतरा. पण त्या काळच्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकार बांधकामाचा पैसा देई आणि देखभाल भाड्यातून करायची असे. घरं रिकामी होऊ लागली, भाडं कमी जमा झालं, दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी घरं रिकामी झाली. उरलेल्यांचं भाडं वाढवलं गेलं. १९६९ साली सेंट लुईसच्या सार्वजनिक घरांतल्या भाडेकरूंनी नऊ महिने भाडं रोखून धरलं. त्याच वर्षी अमेरिकेत सार्वजनिक घरांचं भाडं उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मर्यादित करणारी दुरुस्ती झाली.

भाडेकरू ज्या गोष्टीसाठी भांडत होते ती बांधकाम सुरू होण्याआधी कुणी विचारली असती, तर इमारतींचं आयुष्य वाढलं असतं असं माझं ठाम मत आहे.

ओसरी

वाचतेय. फार मोलाचा धागा. एक सांगते, मी रहिवाशांच्या बैठका भरवण्याचं काम केलं आहे म्हणून.

बैठकीला तीच वीस माणसं येतात. निवृत्त, बोलकी, बहुतेक पुरुष. रात्रपाळीवाले येत नाहीत, लहान मुलांच्या आया येत नाहीत, ज्यांना सभेची भाषा नीट येत नाही ते येत नाहीत, आणि ज्यांच्या घरात कागदावर नसलेलं माणूस राहतं ते तर मुद्दामच येत नाहीत. मग इतिवृत्तात लिहिलं जातं, 'रहिवाशांचं मत असं पडलं'.

टोरंटोमधल्या रीजंट पार्क वसाहतीत २००५ साली पुनर्विकास सुरू होण्याआधी मतं घेताना वसाहतीतल्याच वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना पगार देऊन नेमलं होतं. ती माणसं आपापल्या समाजात जाऊन, त्यांच्या भाषेत, छोट्या गटांत बोलली. मला यातलं 'पगार देऊन' फार महत्त्वाचं वाटतं. सल्लागार कंपनीला शुल्क मिळतं, वास्तुविशारदाला मिळतं, आणि दारोदार फिरणाऱ्या रहिवाशाने ते सेवा म्हणून करावं, ही अपेक्षा चुकीची आहे. तुमच्या पत्राच्या उत्तरात हा खर्च मागा.

दुसरं, सभागृहात मतं विचारण्यापेक्षा वसाहतीत चालत फिरा. चारचे गट करा, हातात साधा नकाशा, आणि ठिपके लावत जा: इथे भीती वाटते, इथे आम्ही बसतो, इथे मुलं खेळतात, इथे पाणी तुंबतं. एकदा संध्याकाळी फिरा, एकदा अंधार पडल्यावर. मुलांचा गट वेगळा करा. मोठ्यांच्या नकाशात जो कोपरा रिकामा असतो, तो मुलांच्या नकाशात ठिपक्यांनी भरलेला असतो, हे मी एकदा नाही, प्रत्येक वेळी पाहिलं आहे. आणि कपडे वाळत घालायची जागा विचारा. अगदी क्षुल्लक वाटतं, पण नव्या इमारतींमध्ये सगळ्यात आधी हीच विसरतात आणि मग सगळ्या खिडक्यांवरून भांडणं.

पागोळी

ओसरी, अनुमोदन. चालत फिरण्याला पर्याय नाही.

यावरून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बायकरची आठवण झाली. १९६०च्या दशकाच्या शेवटी राल्फ अर्स्किन या वास्तुविशारदाकडे काम आलं, तेव्हा त्यांच्या चमूने वसाहतीतच एका जुन्या अंत्यविधीच्या दुकानात कार्यालय थाटलं. दार उघडं. लोक घराच्या नकाशाबद्दल यायचे, गळत्या नळाबद्दलही यायचे. पहिल्या प्रायोगिक टप्प्यात ४६ घरं बांधली, तिथे कोण राहणार ते आधी ठरवलं आणि त्या कुटुंबांशी बोलून आखणी केली. तिथे राहायला गेल्यावर त्यांना काय खुपलं ते ऐकून पुढच्या टप्प्यांत बदल केले. आज ती वसाहत वारसा यादीत आहे.

पण बायकरची दुसरी बाजूही तितकीच सांगायला हवी. जुने रहिवासी तिथेच राहावेत हा उद्देश होता, तरी मूळ लोकांपैकी पाचातल्या एकापेक्षा कमी जणांना नव्या बायकरमध्ये घर मिळालं. पाडकाम पुढे धावत राहिलं, बांधकाम मागे पडलं, माणसांना तोवर थांबता येईना. इतका मनापासूनचा सहभाग, तरी टप्प्यांची सांगड चुकली.

म्हणून तिसरा_मजला, टप्प्यांचं वेळापत्रक हा तुमचा दुसरा मोठा मुद्दा. आधी मोकळ्या जागेवर पहिली इमारत बांधा, तिथे एका इमारतीची माणसं थेट हलवा, मग रिकामी झालेली इमारत पाडा. एकच स्थलांतर. त्यात वेळ जास्त जातो, पण वळचणच्या घरावर जे आलं ते येत नाही. 'अमुक इतकी घरं ताब्यात दिल्याशिवाय पुढचं पाडकाम नाही' अशी अट करारात घाला.

मोजपट्टी

यात एक अडचण आहे. मोकळी जागा बहुतेक खेळाचं मैदान असतं. पहिली इमारत तिथे गेली की मैदान परत कधी येणार, ते लिहून घ्या. नाहीतर ते येत नाही.

तिसरा_मजला

आमच्याकडे नेमकं तेच एक मैदान आहे. मुलांच्या गटाला विचारल्याशिवाय यावर काही बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं.

एक प्रश्न. समितीतले काही म्हणतात, मतदान घ्या. काही म्हणतात, मतदानाने वसाहतीत फूट पडेल. काय करावं?

कोनशिला

लंडनचा नियम उपयोगी पडेल. जुलै २०१८पासून तिथे महापौरांचा निधी हवा असेल आणि योजनेत सार्वजनिक भाड्याची घरं पाडून १५० किंवा अधिक नवी घरं बांधायची असतील, तर आधी रहिवाशांचं मतदान घ्यावंच लागतं. मोजणी स्वतंत्र संस्था करते. सोळा वर्षांपुढच्या भाडेकरूंना मत आहे. वर्षभर तिथे राहणाऱ्या घरमालकांना आहे. जे वर्षभर घरासाठीच्या प्रतीक्षायादीत असून वसाहतीत राहत आहेत त्यांनाही आहे.

पण मला सर्वात आवडलेली गोष्ट मतदानाआधीची. वसाहतीच्या मालक संस्थेला लेखी प्रस्ताव द्यावा लागतो: किती घरं, कोणत्या प्रकारची, मोकळी जागा किती, परतीचा किंवा राहण्याचा हक्क कसा. लोक मत देतात ते त्या कागदाला. 'पुनर्विकास हवा का?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. 'या अटींवर हवा का?' हा खरा प्रश्न. फूट पडेल म्हणून मतदान टाळू नका. फूट असेल तर ती आधीच आहे, फक्त मोजलेली नाही.

पागोळी

मतदान एका दिवसाचं, करार पुढच्या पंधरा वर्षांचा. बोस्टनमधल्या कोलंबिया पॉइंटला १५०४ घरं होती, १९५४ साली वसलेली. दुर्लक्ष होत होत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेमतेम साडेतीनशे कुटुंबं उरली. त्या उरलेल्यांनी आपली संघटना केली आणि विकासकाबरोबर सल्लागार म्हणून न बसता बरोबरीचे भागीदार म्हणून बसले. नव्या हार्बर पॉइंटमध्ये १२८३ घरं झाली, त्यांतली ४०० कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखली. बांधून झाल्यावरही व्यवस्थापनात रहिवाशांचा वाटा राहिला, म्हणून लिफ्ट बंद पडली की कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक होतं.

मात्र आकड्यांकडे नीट बघा. साडेतीनशे ही यादी केली त्या दिवशीची संख्या. त्याआधी निघून गेलेल्या हजारभर घरांचं कुणी विचारलं नाही.

वळचण

हेच. यादी कोणत्या तारखेची, हे फार महत्त्वाचं आहे. पुनर्विकासाची बातमी लागली की दुरुस्ती थांबते, आणि थकलेली माणसं स्वतःहून जातात. ती 'स्वेच्छेने गेली' असं लिहिलं जातं. आमच्या मजल्यावरची दोन घरं अशीच गेली होती.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक साडेतीन तास चालली, रात्रपाळीवाल्यांसाठी आज सकाळी पुन्हा घेतली. विभागाला द्यायचं पत्र तयार आहे. इमारतनिहाय तपासणी अहवाल, स्वतंत्र अभियंता आणि सल्लागाराचा खर्च, दारोदार फिरणाऱ्या सहा रहिवाशांना मानधन, बांधकामकाळात चालू दुरुस्ती न थांबवणं, मैदान परत मिळण्याची तारीख, हे त्यात आहे. प्रस्ताव लेखी आल्यावरच मतदान, हेही.

आणि पहिलं वाक्य आम्ही असं बदलून मागतो आहोत: 'विभागाचं पहिलं पत्र निघालं त्या दिवशी वसाहतीत राहत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला, चालू भाडेकराराच्या अटींवरच, वसाहतीत पुन्हा घर देण्यात येईल. मधल्या काळात कुटुंब वसाहत सोडून गेलं तरी हा हक्क कायम राहील.'

हे वाक्य आज संध्याकाळी त्या आजींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "माझ्याबरोबर राहणारी भाचीची मुलगी कागदावर नाही, तिचं काय?"

'कुटुंब' कुणाला म्हणायचं, हे आमच्या वाक्यात कुठेच नाही. पत्र परवा द्यायचं आहे. कोनशिला, पागोळी, उद्या दिवसभरात यावर काही सुचवाल का?

कोनशिला

घरात प्रत्यक्ष राहणारी माणसं अशी व्याख्या करा, आणि पुरावा म्हणून फक्त भाडेकरारातलं नाव नको: शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, दोन शेजाऱ्यांचं लेखी निवेदन, यांतलं काहीही एक पुरेसं असावं. मसुदा रात्री लिहून पाठवतो. तुमच्या वहीत त्या मुलीचं नाव आजच घाला, तारखेसकट.